४२९४९६७२९७ या आकड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या एका दहा अंकी आकड्याबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असतात, म्हणून एकदाच सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. दोन गोष्टी आधी सांगतो. ^ हे चिन्ह घातासाठी वापरलंय, म्हणजे २^५ = ३२. आणि दर वेळी दहा अंक टाइप करण्यापेक्षा मी त्याला नुसतं "आपला आकडा" म्हणणार आहे. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, मधे जरा डोकं लावावं लागेल, शेवटी शेवटी किचकट.

१. हा आकडा वाचायचा कसा आणि त्यात एवढं खास काय आहे?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. खास एवढंच की तो २^३२ + १ आहे, आणि त्याच्याबद्दल जे काही इंटरेस्टिंग आहे ते जवळपास सगळं या तीन चिन्हांतूनच निघतं, अंकांच्या दिसण्यातून नाही. २ चा घात, तो घातसुद्धा २ चाच घात (३२ = २^५), आणि वर एक. अशा आकड्यांना फर्मा संख्या म्हणतात, पिएर द फर्मा या फ्रेंच माणसाच्या नावावरून, जो पेशाने वकील आणि हौशीने गणिती होता. रांग अशी आहे: ३, ५, १७, २५७, ६५५३७, आणि मग एकदम आपला आकडा.

२. कुठे याला पाचवी फर्मा संख्या म्हणतात, कुठे सहावी. बरोबर काय?

दोन्ही चालतं, मोजणी शून्यापासून की एकापासून एवढाच फरक आहे. सूत्र २^(२^न) + १ असं आहे आणि त्यात न शून्यापासून सुरू होतो, न = ० ला ३ येतात, न = ५ ला आपला आकडा. म्हणून गणितवाले "पाचवी" म्हणतात. रांगेत बोट ठेवून मोजलं तर ती सहावी भरते. मी खाली सगळीकडे न वाली मोजणी धरलीये.

३. ही मूळ संख्या आहे का?

नाही. ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. विश्वास ठेवायची गरज नाही, कागदावर दोन मिनिटांत होतं: ६७००४१७ ला ६०० ने गुणलं की ४०२०२५०२००, ४० ने गुणलं की २६८०१६६८०, आणि १ ने ६७००४१७. तिन्हींची बेरीज करा, शेवटच्या ७ पर्यंत बरोबर जुळते.

हे दोन्ही अवयव स्वतः मूळ आहेत. ६४१ चं सोपं आहे (२५ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा), ६७००४१७ चं प्रश्न ७ मध्ये.

४. मग फर्मासारख्या माणसाला ती मूळ का वाटली?

कारण आधीच्या पाचही मूळ आहेत. ३, ५, १७, २५७, ६५५३७, एकसुद्धा चुकत नाही, आणि १६४० च्या सुमारास लिहिलेल्या पत्रांमध्ये त्याने म्हटलं की या प्रकारच्या सगळ्याच संख्या मूळ असतात असं आपल्याला वाटतं, पुरावा मात्र नाही. आता गंमत बघा, ६४१ ही फक्त ११६ वी मूळ संख्या आहे. म्हणजे २, ३, ५, ७ करत नुसतं भागत सुटलं असतं तरी ११६ व्या भागाकाराला निकाल लागला असता. आणि फर्माला तर त्याहून हुशार रस्ता माहीत होता, २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे त्याने त्याच वर्षी शोधलं होतं आणि त्यात वापरलेली युक्ती इथेही जशीच्या तशी चालते. म्हणून "त्या काळात कॉम्प्युटर नव्हते ना" हे कारण मला पटत नाही. पाच उदाहरणं लागोपाठ जुळली आणि त्याचा त्या पॅटर्नवर जीव जडला, माझं मत तरी असंच आहे.

५. ऑयलर या गणितीला ६४१ सापडला कसा? अंदाजपंचे?

अजिबात नाही. गोल्डबाख या गणितीने १७२९ च्या डिसेंबरमध्ये पत्रातून त्याला विचारलं की फर्माचं हे म्हणणं माहितीये का, आणि १७३२ मध्ये पंचविशीतल्या ऑयलरने ६४१ जाहीर केला. त्या लेखात नुसतं उत्तर आहे, मार्ग त्याने नंतर उलगडून दाखवला. तो मार्ग असा.

समजा क नावाच्या एका मूळ संख्येने आपल्या आकड्याला भाग जातो. म्हणजे २^३२ ला क ने भागलं की −१ उरतो (बाकी ऋण धरायची सवय नसेल तर "क पेक्षा एक कमी" म्हणा, एकच गोष्ट). दोन्हीकडे वर्ग केला की २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चे घात क ने भागत गेलं तर बाक्यांचं चक्र नेमकं ६४ पावलांनी पूर्ण होतं, त्याआधी नाही, कारण बत्तिसाव्या पावलाला ती −१ होती. आता फर्माचाच छोटा सिद्धांत सांगतो की २^(क−१) ची बाकी नेहमी १ असते. मग क−१ मध्ये ६४ चं चक्र पूर्ण पूर्ण बसलंच पाहिजे. थोडक्यात क हा ६४ च्या पटीपेक्षा एक जास्त असणार, दुसरा पर्यायच नाही.

आता असे आकडे लिहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातले मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाच भागाकार, आणि पाचव्याला बाकी शून्य! ज्या गोष्टीने जवळपास नव्वद वर्षं सगळ्यांना चकवलं ती पाच भागाकारांत संपली.

नंतर १८७८ मध्ये ल्युका या गणितीने दाखवलं की ६४ नाही, १२८ च्या पटीपेक्षा एक जास्त असायला लागतं. मग यादी अजून आटते: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ दोनच, २५७ आणि ६४१. त्यातला २५७ स्वतःच फर्मा संख्या असल्यामुळे भाग जाणारच नाही (का ते प्रश्न १२ मध्ये), म्हणजे पहिलाच भागाकार ६४१ चा. बघा, ६४१ = ५ × १२८ + १.

६. प्रत्यक्ष भागाकार न करता ६४१ ने भाग जातो हे दाखवता येतं का?

येतं, आणि माझ्या मते या सगळ्या पानावरची सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो:

६४१ = ५ × २^७ + १

६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६)

पहिल्या ओळीवरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ म्हणजे −१. त्याचा चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ म्हणजे −२^४. ते आधीच्यात ठेवा: −२^४ × २^२८ = १, म्हणजे −२^३२ = १, म्हणजे २^३२ + १ = ०. झालं. दहा अंकी आकड्याला हातसुद्धा लावला नाही.

नेहमी येणारा उपप्रश्न: हे शोधताना आधी ६४१ माहीत असावा लागतो ना? हो, लागतो. ही पडताळणी आहे, शोध नाही. शोधायचं असेल तर प्रश्न ५ चीच वाट.

७. ६७००४१७ खरंच मूळ आहे याची खात्री काय?

त्याचं वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे आहे, म्हणजे तो फुटत असेल तर २५८८ पर्यंतचा एखादा मूळ अवयव असायलाच हवा. आणि तो अवयव आपल्या आकड्याचाही अवयव झाला, म्हणून तो १२८ च्या पटीपेक्षा एक जास्तच हवा. १२९ पासून २५६१ पर्यंत असे वीस आकडे आहेत, त्यातले मूळ निघतात फक्त पाच. बाक्या अशा येतात:

२५७ ने १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२.

एकही शून्य नाही, विषय संपला. सत्तर लाखाच्या आतबाहेरचा आकडा मूळ आहे हे पाच भागाकारांत ठरतंय, कारण तो कुठून आलाय ते आपल्याला माहितीये. असाच कुठला तरी सात अंकी आकडा कुणी हातात दिला असता तर पावणेचारशे मूळ संख्यांनी भागत बसावं लागलं असतं.

८. एकूण विभाजक किती? ही परिपूर्ण संख्या आहे का?

चारच विभाजक: १, ६४१, ६७००४१७ आणि तो स्वतः. सगळ्यांची बेरीज ४३०१६६८३५६. स्वतःला सोडून बाकी तिघांची बेरीज ६७०१०५९, जी आकड्याच्या मानाने काहीच नाही, त्यामुळे परिपूर्ण तर सोडाच (त्यासाठी ही बेरीज आकड्याइतकीच लागते), भरपूर न्यून आहे, म्हणजे बेरीज खूपच कमी पडते. त्याच्यापेक्षा लहान आणि त्याच्याशी १ सोडून एकही सामाईक अवयव नसलेल्या संख्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४० इतक्या आहेत.

९. ३, ७, ९, ११ ने भाग जातो का ते पटकन कसं कळेल?

अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ ने बाकी २ आणि ९ ने ५. एक सोडून एक अंक अधिक उणे केले तर ११ ने बाकी ५. ७ ने पण ५ च. शेवटचा अंक ७, आणि १७ पासून पुढच्या सगळ्या फर्मा संख्या ७ नेच संपतात कारण १६ चा कुठलाही घात ६ ने संपतो आणि त्यात एक मिळवायचा. एवढंच, यात फार काही दडलेलं नाही.

१०. स्प्रेडशीटमध्ये वर्गमूळ बरोब्बर ६५५३६.०० आलं. मग हा पूर्ण वर्ग आहे ना?

नाही. ६५५३६ चा वर्ग २^३२ म्हणजे ४२९४९६७२९६, आपला आकडा त्याच्यापुढे एकच पाऊल आहे. खरं वर्गमूळ ६५५३६.०००००७६ च्या आसपास येतं, तुमच्या सेलमध्ये दशांशाच्या दोनच जागा दिसतायत म्हणून तो ७६ दिसत नाही. पुढचा पूर्ण वर्ग थेट ६५५३७ चा, ४२९५०९८३६९.

पण दोन वर्गांची बेरीज मात्र तो नक्की आहे, ६५५३६^२ + १^२, हे तर सांगायलाच नको. मजा अशी की तो अजून एका प्रकारे दोन वर्गांची बेरीज आहे:

६२२६४^२ + २०४४९^२

३८७६८०५६९६ अधिक ४१८१६१६०१, करून बघा. (आणि २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग निघतो, त्यामुळे दुसरा तुकडा १४३ चा चौथा घात झाला.) मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असेल तर ती एकाच प्रकारे असते, हा जुना सिद्धांत आहे. म्हणजे दुसरा प्रकार सापडला त्याच क्षणी आकडा मूळ नाही हे सिद्ध झालं, अवयव माहीत नसताना!

आणि अवयवसुद्धा तिथूनच काढता येतात. मोठ्यातून मोठा वजा: ६५५३६ − ६२२६४ = ३२७२. लहानांचं तसंच: २०४४९ − १ = २०४४८. दोघांचा मसावि ८. त्याने भागलं की ४०९ आणि २५५६ उरले. आता ४०९^२ + २५५६^२ करा, १६७२८१ + ६५३३१३६, उत्तर ६७००४१७. दुसरा अवयव आपोआप समोर. ही पण ऑयलरचीच पद्धत. मला विचाराल तर शाळेतल्या मसाविचा इतका झकास उपयोग क्वचितच बघायला मिळतो.

११. हा आकडा काटकोन त्रिकोणाचा कर्ण होतो असं वाचलं. बाकी दोन बाजू कोणत्या?

सगळ्यात छान त्रिकूट हे: ४२९४९६७२९५, १३१०७२, ४२९४९६७२९७. एक बाजू २^३२ − १, कर्ण २^३२ + १ आणि उरलेली बाजू २^१७. हे का जमतं ते बघायला (अ + १)^२ − (अ − १)^२ = ४अ आठवा, अ च्या जागी २^३२ टाकला की २^३४ येतो आणि तो २^१७ चा वर्ग आहे. त्रिकोण म्हणून काढायला गेलात तर मात्र नुसती रेघच दिसेल, एक बाजू दुसरीच्या बत्तीस हजार पटीहून मोठी आहे. प्रश्न १० मधल्या दुसऱ्या जोडीवरून अजून एक त्रिकूट बनतं, ते तुम्हीच काढा.

१२. ४२९४९६७२९५ आणि ४२९४९६७२९७ यांच्यात नेहमी गोंधळ होतो. काय नातं आहे?

दोनचा फरक, पण स्वभाव पार वेगळे. ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. त्यात २ मिळवले की आपला आकडा. हा नियम पूर्ण रांगेला लागू आहे (३ + २ = ५, ३ × ५ + २ = १७, ३ × ५ × १७ + २ = २५७), आणि म्हणूनच कुठल्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव नसतो: असता तर त्याने २ ला भाग गेला असता, आणि या सगळ्या तर विषम आहेत.

कंपास आणि पट्टीने सुसम बहुभुज काढायचा जो प्रसिद्ध प्रश्न आहे त्यातही हे दोघं समोरासमोर येतात. गाउसने १७९६ मध्ये १७ बाजूंचा बहुभुज काढता येतो हे दाखवलं आणि पुढे नियम ठरला की बाजूंची संख्या म्हणजे २ चा कुठलाही घात गुणिले वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्या असली तरच जमतं. "तरच" ची बाजू वॉन्ट्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केली. आजवर माहीत असलेल्या फर्मा मूळ संख्या पाचच आहेत, त्यामुळे काढता येणाऱ्या बहुभुजांमध्ये विषम बाजूंची सगळ्यात मोठी माहीत असलेली संख्या ४२९४९६७२९५ आहे. आपल्या आकड्याइतक्या बाजूंचा मात्र काढता येत नाही, ६४१ बाजूंचा पण नाही, कारण ६४१ मूळ असली तरी फर्मा संख्या नाही. हा शेवटचा मुद्दा बरेच जण चुकवतात, फर्मा संख्येचा अवयव म्हणजे फर्मा संख्या नव्हे.

१३. प्रोग्रॅममध्ये हा आकडा टाकला आणि प्रिंट केला तर १ येतोय. बग आहे का?

बग नाही, जागा कमी पडतेय. ३२ बिटच्या चिन्हविरहित पूर्णांकात ० ते ४२९४९६७२९५ एवढंच मावतं. बायनरीत आपला आकडा म्हणजे १, मग एकतीस शून्यं, मग १, असे ३३ अंक. तेहतिसावा बिट बाहेर सांडला की उरतो नुसता १. ६४ बिटचा टाइप घ्या, प्रश्न मिटला. जावास्क्रिप्टमध्ये साधा आकडा म्हणून तो नीट राहतो, पण बिटवाइज ऑपरेटर लावला की ३२ बिटमध्ये कापला जातो आणि पुन्हा १. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये तर वेगळीच गंमत, तिथे शेवटचा १ जातो आणि ४२९४९६७२९६ उरतो, म्हणजे विषमाचा सम झाला.

जाता जाता, ते बायनरी रूप उलटसुलट सारखंच वाचता येतं. ४, १६, २५६ आणि ६५५३६ या पायांतही तसंच, ६५५३६ च्या पायात तर तो निव्वळ १०१ असा दिसतो. आपल्या रोजच्या दहाच्या पायात यातलं काहीच दिसत नाही.

१४. मी फर्माची मूळ-संख्या-टेस्ट लावली, २ चा घात घेऊन, आणि ती पास झाली! मग संयुक्त कसा?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण विचारणाऱ्याने हिशोब अगदी बरोबर केलेला असतो. टेस्ट सांगते, प मूळ असेल तर २^(प−१) ला प ने भागून १ उरतो. उलट दिशेने ती काही सांगत नाही, १ उरला म्हणजे मूळच असेल असं नाही. आपल्या आकड्यात प−१ म्हणजे २^३२, ज्याला ६४ ने पूर्ण भाग जातो. आणि २^६४ ची बाकी तर १ आहेच (प्रश्न ५ मधलाच युक्तिवाद, क च्या जागी अख्खा आकडा ठेवा). त्यामुळे टेस्ट पास होणारच होती, आणि हे प्रत्येक फर्मा संख्येच्या बाबतीत होतं, मूळ असो नाहीतर संयुक्त. थोडक्यात, फर्मा संख्यांवर २ घेऊन ही टेस्ट लावणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

२ ऐवजी ३ घ्या. ३ चा (प−१) वा घात भागला की उरतात ३०२९०२६१६०, जो १ नाही. खेळ खलास. यातूनच पेपँ या गणितीची १८७७ ची कसोटी निघते, ती अर्ध्या घातावर थांबते: ३ चा २^३१ वा घात घेऊन बाकी −१ आली तर मूळ, नाहीतर संयुक्त, मधलं काही नाही. आपल्याकडे बाकी येते १०३२४३०३, म्हणजे संयुक्त. एकतीस वेळा वर्ग करून भागायचं, ६४ बिटमध्ये छोटासा लूप लिहून होतं. अवयव मात्र ही कसोटी सांगत नाही.

१५. वर्गांच्या फरकाने अवयव काढायची फर्माचीच एक पद्धत आहे, ती इथे का वापरत नाहीत?

वापरता येते, पण जीव जाईल. त्या पद्धतीत ६५५३७ पासून एकेक आकडा वाढवत जायचं, त्याच्या वर्गातून आपला आकडा वजा करायचा आणि उरलेला पूर्ण वर्ग आहे का बघायचं. उत्तर येतं ३३५०५२९^२ − ३३४९८८८^२ या जागी, म्हणजे जवळपास ३३ लाख पायऱ्यांनंतर. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तर ही पद्धत भन्नाट चालते, इथे एक तीन अंकी आणि एक सात अंकी आहे, तिच्यासाठी याहून वाईट केस शोधून सापडणार नाही. साधा भागाकार ११६ पायऱ्यांत संपतो ते प्रश्न ४ मध्ये सांगितलंच आहे.

१६. लागोपाठच्या संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येतो का?

धन संख्यांत तीन प्रकारे. दोन पदं घेतली तर २१४७४८३६४८ + २१४७४८३६४९. ६४१ पदं घेतली तर ६७०००९७ पासून ६७००७३७ पर्यंत (मधोमध ६७००४१७ येतो). आणि १२८२ पदं घेतली तर ३३४९५६८ पासून ३३५०८४९ पर्यंत. १ सोडून जेवढे विषम विभाजक तेवढे प्रकार, म्हणून तीन.

१७. १/६४१ चा दशांश विचित्र दिसतो म्हणे. खरंय?

विचित्र नाही, छान दिसतो. बत्तीस अंकांनी पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याचे दोन अर्धे असे:

००१५६००६२४०२४९६०

९९८४३९९३७५९७५०३९

एकाखाली एक ठेवून बेरीज करा, सोळाच्या सोळा ९ येतात. कारण असं की १०^१६ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. २^३२ + १ ला पण ६४१, १०^१६ + १ ला पण ६४१.

१८. हा हॅपी नंबर आहे का? लकी आहे का? अंकांची बेरीज ५ येते त्याचा अर्थ काय?

हॅपी नाही (अंकांच्या वर्गांची बेरीज पुन्हा पुन्हा करत शेवटी १ आला तर हॅपी): अंकांच्या वर्गांची बेरीज ४१७, मग ६६, ७२, ५३, ३४, २५, २९, ८५, ८९, आणि ८९ आला की त्या चक्रातून सुटका नसते. ५९ वरून १४ आणि १४ वरून ५, याचा अर्थ ९ ने भागून ५ उरतात, बास. लकीबिकी मला विचारू नका. हे सगळे गुण दहाच्या पायात लिहिल्यामुळे आलेले आहेत, पाया बदलला की गायब, आकड्याबद्दल ते फार काही सांगत नाहीत.

१९. आजूबाजूला मूळ संख्या कोणत्या?

अलीकडची ४२९४९६७२९१, जी ३२ बिटमध्ये मावणारी सगळ्यात मोठी मूळ संख्या आहे. पलीकडची ४२९४९६७३११. या दोघींच्या मधे एकही नाही. लगेच मागचा शेजारी २^३२, ज्याचा २ सोडून दुसरा मूळ अवयवच नाही. लगेच पुढचा ४२९४९६७२९८ = २ × ३ × ७१५८२७८८३, आणि यातला शेवटचा नऊ अंकी अवयव मूळ आहे.

२०. कुणीतरी तोंडी अवयव सांगितले होते ते खरं का?

झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन मुलगा होता, जन्म १८०४ चा, तोंडी हिशोबांसाठी प्रसिद्ध. लंडनमध्ये लहान असतानाच त्याला हा आकडा दिला आणि त्याने ६४१ सांगितला असं त्याच्याबद्दल सांगतात. लहान भाजक चटचट तपासायची हातोटी असेल तर अशक्य नाही, १५ मध्ये सांगितलेलं कारणच इथे उलटं लागू पडतं, एक अवयव अगदीच छोटा आहे.

२१. याच्यापुढच्या फर्मा संख्यांचं काय? त्यात एखादी मूळ आहे का?

न = ६ ची १८४४६७४४०७३७०९५५१६१७ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. १८५५ मध्ये क्लाउसेनने पत्रात हे लिहिलं होतं, आणि १८८० मध्ये लान्द्रीने स्वतंत्रपणे छापून आणलं तेव्हा तो ऐंशी पार केलेला होता. न = ७ ला ३९ अंक आहेत, तिचे अवयव मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी कॉम्प्युटरवर काढले, १९७० मध्ये. न = ११ पर्यंत सगळ्यांचे अवयव पूर्ण माहीत आहेत, १२ पासून अर्धवट.

न = ५ ते ३२ मधली प्रत्येक संयुक्त आहे हे पक्कं. त्यात २० आणि २४ या दोन विचित्र, त्या फुटतात हे पेपँच्या कसोटीने ठरलंय (प्रश्न १४) पण त्यांचा एकसुद्धा अवयव कुणाच्या हाती लागलेला नाही. न = ३३ ला अडीच अब्जाहून जास्त अंक आहेत आणि ती मूळ की संयुक्त हे अजून ठरलेलं नाही. ६५५३७ नंतर मूळ फर्मा संख्या अजून एकही सापडलेली नाही, आणि पुढे एकही नसेल असा पुरावाही कुणाकडे नाही.